पहिल्या परिच्छेदातले मेलेले बाप

तुम्ही जिवंत आहात, याची तुम्हाला खात्री आहे? तुमचं पोर निबंधाच्या क्लासला जात असेल, तर इतक्या ठामपणे मान हलवू नका.

टायरच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून गेलं की आठवाले सरांचा क्लास. दहापैकी आठ गुणांची हमी, म्हणून आठवाले. नोकरीच्या परीक्षेत सामान्य निबंधाचा एक पेपर असतो. त्या एका पेपरावर या गृहस्थाने तीन मजली घर उठवलं. युक्ती एकच: विषय झाड असो की लोकशाही, सुरुवात घरातल्या मरणाने करायची. तपासणाऱ्याचे डोळे पाणावले की गुणांचा हात सैल सुटतो म्हणे. मरणाचे सहा नमुने सरांनी छापूनच ठेवले होते. ज्याला जे मानवेल ते त्याने उचलावं.

सरावाचे पेपर तपासायला एक बाई होत्या. एकवीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, छापखान्याला कुलूप लागलं, तेव्हा इथे आल्या. बोटांना कायम लाल शाई, म्हणून तांबडीबाई. पाण्याच्या पिंपाशेजारी त्यांचं टेबल. मरण आहे? टिक. सुविचार आहे? टिक. शेवटी उज्ज्वल भविष्य? टिक. वाचत बसायचं नाही, असं सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण एकवीस वर्षांची खोड जाते थोडीच. बाई वाचायच्या आणि रद्दी कागदावर मोजायच्या. त्या आठवड्यात अकरा आया गेल्या, चौदा बाप गेले आणि नऊ आजोबा. आजोबा सगळे शिक्षक, सगळे हातात खडू धरूनच गेलेले. साथ आली तरी माणसं इतक्या शिस्तीत मरत नाहीत.

मग इस्त्रीवाल्याच्या मुलीचा पेपर आला. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची परीक्षा, आणि तिला आठच दिवस उरलेले. विषय होता 'सवय'. तिने लिहिलं होतं की आई कपड्यांवर पाणी शिंपडायची आणि बाबा इस्त्री फिरवायचे. आई जाऊन वर्ष झालं. आता बाबा स्वतःच पाणी मारतात, पण कपडा पसरला की त्यांचा हात अजून घटकाभर थांबतो.

बस्स. सुविचार नाही की उज्ज्वल भविष्य नाही. बाईंनी दहापैकी नऊ दिले.

सरांनी भर वर्गात नवाचे तीन केले. मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, हे खरं आहे.

"असेल ना," सर म्हणाले. "पण यंदा आया फार झाल्यात. तू आजोबा घे."

"मग आईचं काय करू?"

"ठेव की जिवंत. आपलं काय जातंय?"

वर्ग खदाखदा हसला. मुलीने खाली बसून निमूट पेन उघडलं आणि 'आई'वर रेघ ओढली. ते पाहिलं आणि तांबडीबाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

पहिल्या बाकावर ठेकेदाराचा मुलगा बसायचा, सरांचा लाडका. त्याचा बाप पहिल्याच ओळीत परांचीवरून पडून गेला होता. खरा बाप खाली गाडीत बसून पोराची वाट बघत होता. बाईंनी खिडकीतून हाक मारून त्याला वर बोलावलं. तो धापा टाकत आला. बाईंनी पेपर त्याच्या हातात दिला. त्यांना वाटलं, हा आता क्लास डोक्यावर घेणार.

ठेकेदाराने ओठ हलवत स्वतःचं मरण शेवटपर्यंत वाचलं. मग मान वर केली.

"आठच? दोन कुठे गेले?"

सुविचार चुकला, असं सरांनी सांगितलं. ठेकेदाराने पोराला तिथल्या तिथे झापलं, की पुढच्या वेळी नीट लिही.

आता काय बोलणार, कपाळ? बाईंनी लाल पेन सरांच्या टेबलावर ठेवलं, त्या मुलीचा हात धरला आणि जिना उतरू लागल्या. मागून सर ओरडले, "उपाशी मराल!"

"त्याचा सातवा नमुना छापा," बाई जिन्यावरून म्हणाल्या.

पुढचे आठ दिवस इस्त्रीच्या टेबलाच्या टोकाला शिकवणी चालली. मुलीने लिहायचं आणि बाईंनी प्रत्येक ओळीला एकच विचारायचं: हे तू पाहिलंस का? पाहिलं असेल तर ठेव. 'सवय' बाबांनाही वाचून दाखवला. "मी कुठे थांबतो? उगाच काहीतरी," असं पुटपुटत त्यांनी पुढचा सदरा पसरला, आणि हात थांबला.

परीक्षेत विषय आला 'प्रगती'. मुलीने बाबांची कोळशाची इस्त्री आणि विजेची इस्त्री लिहिली, आणि त्यात आईही आली, जिथे यायला हवी होती तिथेच. निकालात तिचं नाव खालून चौथं आहे. पण आहे. ठेकेदाराच्या पोराचं नाही. आणि निर्लज्जपणा बघा, टायरच्या दुकानावरच्या फलकावर आता त्या मुलीचाच फोटो झळकतोय, 'आमची विद्यार्थिनी' म्हणून.

तेव्हा आज घरी गेलात की पोराची निबंधाची वही मागा आणि पहिला परिच्छेद वाचा. त्यात तुम्ही मेलेले सापडलात, तर कृपा करून गुण किती ते विचारू नका. वही उलटी करा, पोराला समोर बसवा आणि सांगा, माझ्याकडे बघ, आणि जे दिसतंय ते लिही.