वैशालीच्या पाचवीसाठी शाळा बघताना

दुकानदाराकडे दोन गोष्टी न मागता जमतात. रिकामी पोती आणि किस्से. पोती निदान विकता तरी येतात, किस्से फुकटच वाटावे लागतात!

इंदिरानगरात माझं किराणा-धान्याचं दुकान. सकाळी पुढच्या ओट्यावर बँकेतले देशमुख आणि पाटबंधारे ऑफिसातले पगारे टेकायचे. पगाऱ्यांची मुलं कॉलेजात पोचलेली. पण देशमुखांचा मंदार आणि माझी वैशाली एकाच वर्षी चौथीत आली आणि ओट्यावर दुसरा विषयच उरला नाही. पाचवीला शाळा कुठली?

गोष्ट नव्वदच्या दशकातली. इंग्लिश शाळांचे बोर्ड तेव्हा रोज कुठल्या ना कुठल्या खांबावर नवे लागत होते.

मंदारचं ठीक होतं, तो कुठेही टाकला तरी दंगा करणार. वैशाली मात्र घरी अखंड टकळी आणि शाळेत मुकी! तिच्या जुन्या शाळेतल्या बाईंनी एकदा मला बोलावून विचारलं, "हिला बोलता येतं ना?"

मी म्हटलं, "बाई, हिला गप्प बसता येतं हेच मला आज कळतंय!"

विनोद करून आलो खरा, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. पोरगी वर्गात तोंड उघडेल अशी शाळा हवी होती. बाकी मला काही नको होतं.

*

देशमुख बँकेतले, त्यामुळे त्यांची तपासणी मोठी. आधी बिल्डिंग, मग ग्राउंड, मग लॅब. एका शाळेत त्यांना चक्क पोहण्याचा तलाव दिसला! निळ्या फरशीचा. त्याच दिवशी ॲडमिशन.

"शेठ, स्विमिंग पूल आहे, स्विमिंग पूल!" असं ते ओट्यावर येऊन दोनदा म्हणाले. बरोबर लाडूही आणले होते.

तलावात पाणी तेव्हाही नव्हतं, आणि पुढेही काही आलं नाही. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षीही नाही.

पुढे एकदा मी विचारलं, "मग मंदार करतो काय त्यात?"

देशमुख म्हणाले, "क्रिकेट खेळतात पोरं. बॉल हरवत नाही, हा एक फायदाच म्हणायचा!"

*

माल पारखायची माझी एक रीत आहे. विकणारा स्वतःच्या घरी काय नेतो ते बघायचं. समोरच्या हॉटेलवाल्याचा जेवणाचा डबा रोज घरून येतो. म्हणून मी त्याच्याकडे फक्त चहा पितो.

एका नावाजलेल्या इंग्लिश शाळेत आम्हाला इंटरव्ह्यूला बोलावलं. मुलीला नाही हो, आई-बापाला! मी इस्त्रीचा शर्ट घातला, बायकोने, सुनंदाने, लग्नातली साडी नेसली. प्रिन्सिपॉल मॅडमनी विचारलं, "फादर्स क्वालिफिकेशन?"

"नववी."

त्यांचा चेहरा पडला. "मग मुलीचा अभ्यास कोण घेणार?"

"मॅडम, ते तुम्ही घेणार असं समजून मी आलो होतो!"

जागा गेली हे कळलंच होतं, म्हणून जाता जाता माझी रीतही वापरून घेतली. "आपली मुलं याच शाळेत असतील?"

"नो, नो. ती बोर्डिंगला आहेत," मॅडम म्हणाल्या. आणि एवढंच त्या हसून बोलल्या.

*

"शेठ, आपल्या पालिकेच्या शाळेत का बघत नाही?" असं पगाऱ्यांनी सुचवलं. ते स्वतः पालिकेच्याच शाळेत शिकलेले.

देशमुख म्हणाले, "अहो, काहीतरीच! धान्याचा व्यापारी माणूस, पोरीला पालिकेच्या शाळेत घालणार? लोक म्हणतील धंदा बसला!"

"लोक काय, तलावाबद्दलही बोलतात," पगारे म्हणाले. देशमुखांनी चहाचा कप खाली ठेवला तो परत उचललाच नाही.

सुनंदाला विचारलं. ती म्हणाली, "मी बघून येते." एकटीच गेली. अर्ध्या तासात परत.

"एवढ्यात? वर्ग बघितले?"

"नाही. मुलींचा संडास बघितला."

"मग?"

"वास येतो. पण दाराला आतून कडी आहे, आणि बादली भरलेली होती. त्या इंग्लिश शाळेतही मी बघायला गेले होते. तिथं चकाचक होता."

"मग तो चांगला की!"

"त्याला कुलूप होतं. म्हणे, पाहुणे आले की उघडतात."

*

मग मी स्वतः गेलो. पाचवीच्या खिडकीबाहेर, चप्पल तुटल्यासारखं करून उभा राहिलो. आत गणिताचा तास. मास्तर सावळे, शर्टाची बाही खडूने पांढरी. पेठ तालुक्याकडचे भोये सर. पाचवी ते सातवीचं गणित त्यांच्याकडे, हे मला नंतर कळलं. आतला आवाज मासळीबाजाराला मागे टाकील असा! मला वाटलं, संपलं. इथं शिकवतच नाहीत.

तेवढ्यात भोये सर खिडकीशी आले. "काका, कालपण तुमची चप्पल इथंच तुटली होती. उन्हात नका थांबू, आत बसा."

शेवटच्या बाकावर बसलो. फळ्यावर उदाहरण होतं. एका व्यापाऱ्याने गहू अमुक भावाने घेतला, तमुक भावाने विकला, तर नफा किती? माझ्याच्याने राहवेना. हात वर केला.

"सर, यात हमाली धरलेली नाही!"

"पुस्तकवाल्यांनी कधी हमाली दिलेली नसते, काका," भोये सर म्हणाले. तोवर पुढून एक पोरगी ओरडली, "सर, तोलाई पण राहिली!" दुसरा ओरडला, "आणि पोतं फाटलं तर?" सरांनी सगळं फळ्यावर लिहून घेतलं आणि उदाहरण नव्याने करायला लावलं. आवाज कशाचा होता ते तेव्हा कळलं.

उत्तर तोट्यात आलं. वर्ग माझ्याकडे बघून खो खो हसला!

*

बाहेर पडताना मी माझा ठरलेला प्रश्न टाकलाच. "सर, तुमचा मुलगा कुठल्या शाळेत?"

"हा काय, खिडकीजवळ बसलाय तो."

मी उडत दुकानावर आलो. मास्तर स्वतःचं पोर स्वतःच्या शाळेत घालतो, अजून काय पारखायचं? पगारे शांतपणे म्हणाले, "शेठ, हौसेने नाही घातला. ते आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. तीन इंग्लिश शाळांच्या इंटरव्ह्यूला नेलं होतं पोराला. तिन्हीकडून वापस!"

घ्या! ज्याला मी घरचा माल समजत होतो, तो परत आलेला माल निघाला. देशमुख पुष्कळ दिवसांनी मोकळं हसले.

दुसऱ्या दिवशी मी भोये सरांना तोंडावरच विचारलं. त्यांना राग नाही आला.

"खरंय, शेठ. खोटं कशाला बोलू? पण एक वांधा झालाय बघा. पूर्वी मी पण कंटाळा आला की धडा उरकायचो. आता उरकता येत नाय. घरी जेवायला बसलो की पोरगा विचारतो, 'बाबा, तो भागाकार आज मधेच का सोडला?' घास खाली जात नाय!"

मी घरी येऊन सुनंदाला म्हटलं, "ठरलं. त्या पोराच्या जिवावर पाचवी ते सातवी सगळी पोरं शिकतायत. त्यात आपली एक."

*

प्रवेशाला वैशालीला घेऊन गेलो. ऑफिसात शिरताच ती माझ्या खुर्चीमागे गेली आणि तिथेच उभी राहिली. मुख्याध्यापिका गांगुर्डे बाई. माझ्याच दुकानाचं गिऱ्हाईक.

"काय नाव तुझं, बाळ?" बाईंनी विचारलं.

उत्तर नाही. मी सांगितलं.

"आधीची शाळा आवडायची का?"

उत्तर नाही. तेही मीच सांगायला लागलो, तेव्हा बाईंनी हाताने मला थांबवलं.

"शेठ, महिनाभर तुम्ही आमच्या शाळेभोवती फिरताय. इथल्या प्रत्येक शिक्षकाला विचारून झालं म्हणे, तुमची मुलं कुठं शिकतात?"

"म्हणजे बाई, ती आपली माल पारखायची एक रीत..."

"चांगली रीत आहे. आता मी विचारते. तीन वर्षं तुमच्याकडून गहू नेतेय मी. निवडक माल आहे, घरच्यासारखा आहे, असं सांगता. तुमच्या घरी कुठला गहू खाता?"

मी घसा साफ केला. "आता बाई, ते काय, सीझनप्रमाणे बघावं लागतं. कधी इकडचा, कधी..."

"वणीचा!" खुर्चीमागून खणखणीत आवाज आला. "मामाच्या शेतातला! दुकानातला गहू बाबा घरी आणूच देत नाहीत!"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, मग वैशालीकडे.

"परत सांग गं, बाळ. मोठ्याने."

आणि तिने सांगितलं!

शेजारच्या वर्गातून भोये सर खडू हातात घेऊनच दारात आले. "कोण ओरडतंय, बाई? पोरांचं लक्ष जातंय."

बाई म्हणाल्या, "तुमच्या पाचवीतली नवी मुलगी."