तोंडातलं सोनं

सौंसरच्या आजूबाजूच्या गावांत लोक मला जरीवाली म्हणतात. वीस-बावीस वर्षं झाली, मी जुने शालू, फाटकी लुगडी, जरीच्या टोप्या, जावळाची अंगडी, असलं सगळं घेत हिंडते. आधी पायी, मग बसनं, आता मोपेडवर. बदल्यात स्टीलची भांडी देते, नाहीतर रोख. घरी आणून काठ कापायचे, लोखंडी घमेल्यात जाळायचे, राख धुवायची. तळाशी उरते ती चांदी. नवऱ्याचा धंदा वेगळा, पण गोत्र एकच. संत्र्याच्या बागांतल्या मोटरींचे जळालेले स्टार्टर तो लोखंडाच्या भावात उचलतो. त्यांच्या आतल्या पॉइंटांवर चांदीच्या टिकल्या असतात. बागवाल्यांना ते ठाऊक नसतं आणि हा सांगायला जात नाही.

आमच्या धंद्याचं सगळं शहाणपण एवढंच, की समोरच्याला ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असावं आणि तोंडावर ते दिसू नये. मी जरीचा एक धागा ओढून त्याला काडी लावते. पांढरा राहिला तर खरी जरी, काळा पडला तर तांबं. मोठमोठ्या घरांतले शालू काळे पडताना मी पाहिलेत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आणि खरी निघाली, तरी मी नाक मुरडूनच म्हणते, "काही दम नाई वो यात." हे वाक्य मी इतक्या वेळा बोललेय, की झोपेतही बोलत असेन.

लुगडं हातात आलं की माझी बोटं आधी पदराच्या टोकाकडे जातात. जुन्या बायका तिथं काय काय शिवून ठेवतात. चांदीचं जोडवं, फुली, एखादा मणी. विसरतात, नाहीतर मरून जातात. काठ चाचपायचा तो बोलता बोलता, आणि काही लागलं तरी बोट तिथं थांबू द्यायचं नाही. हे मला माझ्या सासूनं शिकवलं. घेतलं ते आपलं, त्यावर बोलायचं नाही, हेही तिनंच शिकवलं. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. वावगं वाटणाऱ्यांनी हा धंदा करून पाहावा.

दोन वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत, लोधीखेड्याच्या पुढच्या एका गावात मला एका घरातून हाक आली. बोलावणारी त्या घरची सून होती. पन्नाशीची, हडकुळी, घाईत असलेली. वेचणीला जायचं होतं तिला. पडवीत खाटेवर तिची सासू पडलेली. लकव्यानं म्हातारीची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. सुनेनं आतून एक गाठोडं आणून माझ्यासमोर सोडलं. त्यात एक नऊवारी लुगडं होतं, अंजिरी रंगाचं, घडीवर विरलेलं. जरी खरी होती, ते काडी न लावताही कळलं मला.

"बुढीचं हाये," सून म्हणाली. "आता काय नेसते थे? उंदरं खाऊन राहिले. घेऊन जा."

मी चाचपायला लागले. पदराच्या कोपऱ्यात, दुहेरी दुमडीत, ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी कडक होतं. त्याच वेळी खाट करकरली. म्हातारीनं डावा हात उचलला होता. ती माझ्याकडे बघत होती आणि बोटानं स्वतःचं तोंड दाखवत होती. घशातून आवाज काढत होती, पण त्याचा शब्द होत नव्हता.

"पानी पाहिजे असन," सून म्हणाली आणि माठाकडे वळली.

मला निघायची घाई झाली होती. कोपऱ्यात काहीतरी आहे, ते सुनेच्या हाती लागायच्या आत लुगडं माझ्या पिशवीत जायला हवं होतं. म्हणून मीच तिच्या हातातून पेला घेतला. "द्या, मी पाजते. तुम्हाले उशीर होऊन राहिला." एका हातात लुगडं तसंच धरून मी दुसऱ्या हातानं पेला म्हातारीच्या ओठाला लावला. तिनं पाणी माझ्या हातावर थुंकलं आणि पुन्हा तोंड दाखवलं. मी सुनेला म्हटलं, "तहान नाई वाटते, सवय असन." सून हसली. मीही हसले. ते हसणं आठवलं की आजही मला माझा राग येतो.

घरी येऊन मी दुमड उसवली. आत चिंधीची पुरचुंडी होती. त्यात सोन्याचा एक मणी आणि तुळशीचं वाळलेलं पान. हात लागताच पानाचा भुगा झाला.

ते पान बघितलं नि मला सगळं कळलं. माणूस जाताना त्याच्या तोंडात तुळशीपान, गंगाजल आणि सोन्याचा कण घालतात. घरचे घालतील की नाही, अशी धास्ती असलेल्या बायका तो कण आधीच जमवून ठेवतात. कुणी पोथीत, कुणी देवाच्या डब्यात. हिनं लुगड्यात शिवला होता. ती पाणी मागत नव्हती. 'माझ्या तोंडात घालायचं सोनं त्यात आहे,' असं सांगत होती, आणि मी तिला पाणी पाजत होते.

नवरा म्हणाला, "घेतलं थे घेतलं. तू काही चोरलं काय?"

मी त्याच्याशी वाद घातला नाही. मला ते उत्तर हवंच होतं. मी मणी हळदीच्या डब्यात टाकला आणि रोज डबा उघडताना त्याच्याकडे बघायचं टाळलं. म्हातारी थोडीच सांगू शकणार होती कुणाला, असाही विचार माझ्या मनात आला होता. लिहिताना लाज वाटतेय, पण आला होता.

अकराव्या दिवशी मी तो विकायला पांढुर्ण्याला गेले. सौंसरचा सोनार ओळखीचा, तो चार गोष्टी विचारतो. चोराच्या मनात चांदणं. पांढुर्ण्याच्या म्हाताऱ्या सोनारानं मणी तळहातावर घेतला, काट्यावर ठेवलाच नाही.

"हे तं तोंडातलं सोनं हाये, बाई. असे मणी आमीच करून देतो," तो म्हणाला. "मेल्याचं हाये का जित्याचं?"

मी काट्याकडे बोट दाखवलं.

"नदीवर चितेची राख चाळणारे आणतात, थे मी घेतो. मेलेल्या माणसाचं काम झालं असते. जित्याचं नाई घेत मी. घेऊन जा."

पुढे मी मणी परत केला तो मनाच्या मोठेपणानं, असं कुणी समजू नये. त्यानं घेतला असता, तर मी विकला असता आणि ही हकीकत इथंच संपली असती. पण त्या सोनारानं मला भरदुकानात हात झटकून परत पाठवलं होतं, आणि परतीच्या बसमध्ये मणी रुमालाच्या गाठीत टोचत होता. वाटेत जामसावळीला अर्धी बस मारुतीच्या दर्शनाला उतरली. मी उतरले नाही. कुठल्या तोंडानं उतरणार?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्या घरी गेले. सून उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. मी खरं ते सांगितलं. म्हणजे बरंचसं खरं. लुगडं उसवताना सापडलं म्हटलं, कधी सापडलं ते गिळलं.

तिनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "बारा दिवस झाले, बुढी धड जेवून नाई राहिली. तोंडाकडे हात करते. डॉक्टर आणला, त्यानं तोंडात बॅटरी मारून पाहिलं, म्हणे छाले झाले असतीन, फोड. मलम देल्लं त्यानं." मग तिचा आवाज फुटला. "मले काय माहीत वो! मी तं मरतानी माह्या गळ्यातल्या पोतीतला मणी काढून देल्ला असता तिले. तिनं विचारलं असतं तं सांगितलं असतं मी."

या बाईला मी मनातल्या मनात बारा दिवस शिव्या घातल्या होत्या. जितेपणी सासूचं लुगडं विकणारी, म्हणून. तेवढाच माझ्या जिवाला आधार होता. तोही गेला.

आम्ही दोघी खाटेजवळ गेलो. म्हातारी बारा दिवसांत निम्मी झाली होती. मी मणी तिच्या डाव्या तळहातावर ठेवला. "आजी, हे घ्या तुमचं. चुकून गेलतं." तिनं मूठ मिटली, उघडली, मणी डोळ्यांजवळ नेला. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा माझ्या डोक्यावर हात ठेवेल. माणूस किती निर्लज्ज असतं! तिनं मणी तोंडात टाकला आणि तोंड मिटून घेतलं.

"आजी, थुका, गिळान तुम्ही," मी म्हणाले. सुनेनं हनुवटी धरली. म्हातारीनं मान भिंतीकडे वळवली. सून म्हणाली, "राहू द्या. थोड्या वेळानं काढन."

म्हातारीनं तो काढला नाही. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही, म्हणून मी पुन्हा गेले. तिचा मुलगा अंगणात डोकं धरून बसला होता. सून खाटेशी, हातात पाण्याची वाटी आणि चमचा. म्हातारीचे ओठ फाटून रक्त साकळलं होतं. चार दिवसांत तिनं कशालाच तोंड उघडलं नव्हतं. चहाला नाही, पेजेला नाही, पाण्यालाही नाही. मुलानं बोट घालून पाहिलं, तर उरलेल्या चार दातांनी चावली त्याला. ओल्या फडक्यानं ओठ ओले करत होते, तेवढंच. सलाईन लावलं, तर सुई उपसून टाकली तिनं.

मी खाली बसले. रडू आवरत नव्हतं. "आजी, तोंड उघडा. कोणी नाई नेत तुमचं सोनं. मी लुगड्यात शिवून देते पुन्हा, तुमच्या डोळ्यांपुढं शिवते. पानी प्या दोन घोट."

म्हातारीनं डोळे उघडले. तिला मी दिसले. तिनं डावा हात सावकाश उचलला आणि तोंडावर झाकण धरावं तसा तळवा ओठांवर दाबून धरला. मी बोलत राहिले, तशी तिची बोटं पांढरी पडत गेली.

सुनेनं माझ्या खांद्याला हात लावला. ती चिडलेली नव्हती, नुसती थकलेली होती.

"तुम्ही जा, बाई," ती म्हणाली. "तुम्ही इथं बसल्या असल्या तं थे हात काढन नाई. पानी तं पिऊ द्या तिले."