बेलची वायर

१९९९च्या मार्चमधला दुसरा शनिवार. काम एकच होतं: माझ्या कॉम्प्युटरवर इंटरनेट इतकं हळू का चालतं, ते शोधून काढायचं. हॉलमधल्या नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर जी फाइल दहा मिनिटांत उतरायची, तिला स्वयंपाकघरातल्या माझ्या कॉम्प्युटरवर तास लागायचा. टायपिंगची कामं आता इंटरनेटवरूनच यायची, आणि उशिरापायी ती एकेक करून माझ्या हातून सुटत होती. "तुझं मशीन जुनं झालंय. पुरे कर आता," नवरा म्हणायचा.

वागळे इस्टेटमधून दुरुस्तीवाला आला. त्याचं नाव मी विचारलं नाही. त्याने माझा कॉम्प्युटर उघडलाच नाही. उचलून हॉलमध्ये नेला आणि तिथल्या फोनच्या लाइनला जोडला. फाइल भराभर उतरली. मग माझ्या कॉम्प्युटरकडे जाणारी फोनची वायर दोन बोटांत धरून तो भिंतीच्या कडेने वाकत वाकत स्वयंपाकघरात गेला आणि फ्रिजमागे थांबला. तिथल्या जोडावर जखमेला लावायची चिकटपट्टी होती.

"ही तर दाराच्या बेलची वायर. कोणी टाकली?"

"घरात उरली होती," नवरा म्हणाला.

"साहेब, हिच्यावर बेलच वाजवा." मग तो माझ्याकडे वळला. "वहिनी, मशीन चांगलंय. तुम्हाला बसवलंय चुकीच्या जागी."

दोन वर्षं मी मशीनला बोल लावत होते.

"टाकू नवीन वायर कधीतरी," तो गेल्यावर नवरा म्हणाला.

रविवारी सकाळी नवरा भाजी आणायला बाहेर पडला. तो परत यायच्या आत मी माझं टेबल हॉलमध्ये लावलं आणि त्याचं फ्रिजशेजारी.