लग्नाची कॅसेट

वडील गेल्यावर त्यांचा आवाज उरला तो फक्त बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. ती डीव्हीडीवर उतरवायला मी पिरंगुटहून कॅसेट आणि डीव्हीडी दोन्ही चालणारा जुना प्लेअर आणला. वरात दिसली, आणि चित्र थरथरून थांबलं. आत टेप गुंतली होती. मी झाकणाचे स्क्रू काढले. आई शेजारीच बसली होती.

"तुटंल का रं?"

"हात नको लावू, आई."

चिमट्यानं मी टेप हळूहळू सोडवली. टेप चुरगळली होती, पण तुटली नव्हती. पुन्हा लावली, तर पडद्यावर नुसते पट्टे. आवाज मात्र आला. वडील कुणाला तरी सांगत होते, "पावण्यांस्नी आदी वाढा."

"बंद करू नको," आई म्हणाली.