रोह्याच्या हवेतलं एअर प्लांट

चाचींनी डबा माझ्या टेबलावर उपडा केला. एअर प्लांटची पानं एकेक करून सुटली. बुडाशी काळं, चिकट.

"असंच दुसरं दे गो, शुक्रवारच्या आत. नमाजानंतर पोराचा व्हिडिओ कॉल येतो. आधी झाड दाखव म्हनतो."

चाची रोह्याच्या, मुलगा कुवेतला. गडब गावात हायवेवर माझी नर्सरी आहे. मे महिन्यात सुट्टी संपताना त्यानेच आईसाठी हे झाड माझ्याकडून नेलं होतं. चाचींचे गुडघे दुखतात. दुसऱ्या मजल्यावर माती, कुंड्या कोण चढवणार? एअर प्लांटला माती लागत नाही. मुळं नुसती धरून बसायला. पाणी पितात ती पानं, अंगावरच्या बारीक खवल्यांतून.

तसंच दुसरं झाड समोरच टांगलेलं होतं. चाचींची नजर त्यावरच.

"पाणी कसं देत होता?" मी विचारलं.

"तुझ्या चिठ्ठीत हाय तसंच. सोमवार, बुधवार, शनिवार, अर्धा तास बुडवून. भाचीकडून वाचून घेतलं, पाठ केलं. एक दिस चुकले नाय."

माझी चिठ्ठी! प्रत्येक झाडासोबत देते ती. मी बी.एस्सी. बॉटनी, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. चिठ्ठीखाली नाव आणि डिग्री छापलेली. मजकूर मात्र नेटवरून उतरवलेला, कुठल्यातरी कोरड्या हवेच्या देशातला. ऑगस्टच्या रोह्यात, पावसामुळे खिडक्या बंद असताना, पानांच्या बेचक्यातलं पाणी सुकणार कसं? झाड कुजलं ते नेमाने काळजी घेतली म्हणून.

"चाची, चूक माझी आहे. पावसाळ्याचं मी लिहिलंच नव्हतं."

"जाऊ दे. तू दुसरं दे. त्याला कळनार नाय."

माझा हात त्या टांगलेल्या झाडाकडे गेलासुद्धा. पण ते काढण्याआधी सडलेलं बूड चाचपलं, तर बोटाला टणक लागलं. बाजूने नवा फुटवा आला होता, करंगळीएवढा. आम्ही त्याला पिल्लू म्हणतो. कात्री स्पिरिटने पुसून सडका भाग कापला, पिल्लू उलटं धरून झटकलं.

"हे जगेल. फॅनखाली उलटं ठेवा. आठवडाभर पाणी नाही."

"थेंबभर पन नाय?"

"नाही."

"तहानलं तर?"

"हवेतलं पिईल."

शुक्रवारी मी स्वतः रोह्याला गेले. नमाजानंतर मुलाचा कॉल आला.

"अम्मी, येवढंसं कसं झालं?"

"माझ्या चिठ्ठीमुळे," मी पुढे होऊन म्हणाले.

चाचींनी फोन आपल्याकडे वळवला. "तिला काय बोलू नको. पोरगी चूक सांगायला घरी आली. तू कंपनीत चुकलास, की साहेबाच्या घरी जातोस काय?"

तो हसला. मग हळूच म्हणाला, "मला वाटलं, मी नसताना तू कुनाला तरी सांभाळशील."

"सांभाळलं म्हनून तर मेलं," चाची म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत पिल्लू कॅमेऱ्यासमोर धरलं. "ह्याला बघ. ह्याचे लाड नाय करनार."

पिल्लू जगलं. तीन नवी पानं आली आहेत.

हल्ली झाड देण्याआधी मी गिऱ्हाईकाला विचारते, पावसाळ्यात तुमच्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं का? व्हय म्हणाले, की चार महिने बुडवणं बंद, फक्त फॅन. हा प्रश्न नेटवर सापडणार नाही. माझा मीच काढलाय.