काकांनी निवडलेले बूट

आमच्या फणसवाडीतल्या चाळीत कुणालाही बूट घ्यायचे असले, की समोरच्या खोलीतल्या काकांना सोबत न्यायची पद्धत होती. ते स्वतः झिजलेल्या वहाणा घालत. दुकानात मात्र बूट आधी नाकाला लावायचे. मला तर किळसच यायची. मग चवडा वाकवून चामड्यावरच्या सुरकुत्या न्याहाळायचे आणि शेवटी तळाच्या शिवणीवरून नख फिरवायचे.

“चिकटवलेला तळ एका पावसाळ्यात तोंड उघडतो. शिवलेलाच घ्या, काय समजलात?”

दुकानदार त्यांना पाहून कपाळाला हात लावत. दादाचे ऑफिसचे काळे बूट त्यांनीच निवडले होते.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर लाठ्या चालल्या, त्या दिवशी दादा ऑफिसातून थेट मोर्च्यात गेला होता. दिवेलागण झाली तरी त्याचा पत्ता नव्हता. परतलेले लोक अनवाणी होते. रस्ताभर चपलाबुटांचा खच पडलाय, म्हणत होते. काका जिना उतरले. परतले ते घामाघूम होऊन.

“वहिनी, सगळा खच उलटापालटा करून आलो. त्याचे बूट त्यात नाहीत. पायात आहेत, म्हणजे चालतोय. काय समजलात?”

आईने तेव्हा कुठे घोटभर पाणी घेतलं.

थोड्या वेळाने फाटक्या सदऱ्यात दादा आला. काका त्याच्या पायांशी बसले आणि शिवणीवरून नख फिरवलं.

“उसवली नाही,” म्हणाले.

“अहो, उठा ना, लहान आहे तो,” आई म्हणाली. पण काकांनी दादाचे दोन्ही पाय घट्ट धरले होते.