रत्नपालच्या अंगणातली खडी

मैलूर वस्तीत रत्नपालची आणि माझी भिंत एक. बिदरमधल्या बड्या घरांतल्या माशांच्या टाक्या तोच सांभाळतो. शाळा नववीत सुटली, पण मत्स्यशास्त्र शिकलेली माणसं अडली की त्यालाच फोन करतात. मी हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडं हात ओले करणाऱ्याला अक्कल असते हे कुणाला सांगितल्याशिवाय कळत नाही.

त्याची एक खोड आहे. टाकीत घालायची वाळू तो आधी जिभेवर ठेवतो. बिदरी भांडी घडवणारे कारागीर किल्ल्यातली माती चाखून पारखतात, त्यांच्यात तो दोन वर्षं राबला होता. खारट वाळू नको, चुनखडीची नको. धुवायची, उन्हात वाळवायची, जिभेवर ठेवायची आणि थुंकायची. मंगल, त्याची बायको, म्हणायची, "घरचं कालवण न चाखता गिळतंय, अन् रेती चाखायलंय."

मुकुंदराव निवृत्त इंजिनिअर. त्यांच्या दिवाणखान्यात सहा फुटी टाकी, आत एकच मासा, ऑस्कर, हातभर लांब. ही सिक्लिडची जात आहे. हे मासे तळ उकरतात, तोंडानं खडे उचलून हवे तिथं नेऊन टाकतात, मालकाला ओळखतात. संध्याकाळी पाचला मुकुंदराव खुर्ची घेऊन उजव्या कोपऱ्यापाशी बसायचे, मासा काचेला तोंड लावून उभा.

रत्नपाल दहा वर्षं त्या घरी गेला. चहा कायम कागदी कपात. घरच्यांना कपबशी, त्याला कागद. रत्नपालला त्याचं काही नव्हतं, मला होतं. मी त्याच्यावर चिडायचो. तो म्हणायचा, "अण्णा, माणूस चांगला हाय. आपल्या घरी येतो म्हणायलाय." रत्नपालनं घर बांधलं तेव्हा बोलावणं दिलं, मुकुंदराव म्हणाले, येतो. बुद्धपौर्णिमेला बोलावलं. येतो की, एकदा नक्की येतो. दहा वर्षांत मैलूरची वाट त्यांना सापडली नाही.

गेल्या वर्षी ते वारले.

टाकी त्यांच्या पत्नीनं, शारदाबाईंनी, ठेवली. पण यंदा माशानं खाणं सोडलं. रत्नपालनं खडीत बोट घातलं तर खाली काळं, सडक्या अंड्याचा वास. जाड खडीच्या फटींतून उरलेलं अन्न खाली जातं, कुजतं, विषारी वायू धरतं. त्यानं ठरवलं, खडी काढून बारीक वाळू घालायची. सगळी एकदम काढायची नसते, पाणी शुद्ध ठेवणारे जंतू त्या खडीतच राहतात. म्हणून आधी अर्धी काढायची, बाकीची महिन्यानं.

शारदाबाई आड आल्या. "राहू दे की रे. त्यांच्या हातची खडी हाय."

"अक्का, मग मासा न्हाई ऱ्हायचा."

त्या बाजूला झाल्या. डावीकडची अर्धी खडी त्यानं पोत्यात भरून आणली, धुतली आणि चिखल होतो म्हणून आपल्या अंगणात अंथरली.

चौथ्या दिवशी मंगल भिंतीवरून म्हणाली, "भाऊजी, पाचच्या सुमाराला आमच्या अंगणात तुम्ही आलता का?"

"न्हाई. कामून?"

"खडीवर पाय वाजायलेत. फाटकापासनं उंबऱ्यापर्यंत येतेत अन् थांबतेत. बघावं तर कुणी न्हाई."

मी तिला झापलं. आपण भूतपिशाच्च मानत नाही, तुझ्या सासऱ्यानं, गुंडेरावांनी, घरातले सगळे देव-उतारे काढून टाकले ते काय हे ऐकायला? दुसऱ्या दिवशी पाचला मी भिंतीपाशी उभा राहिलो. करर्, करर्. सावकाश, वय झालेल्या माणसाची पावलं. ती उंबऱ्यापाशी थांबली. अंगण रिकामं होतं. मी घरात जाऊन रेडिओ मोठा केला.

महिन्यानं रत्नपाल उरलेली खडी काढायला गेला. उजव्या कोपऱ्यात, खुर्ची असायची तिथं, माशानं काचेपर्यंत खड्डा केला होता. त्यात चार पांढरे खडे काचेला लावून ओळीनं ठेवले होते. रत्नपालला वाटलं, कुणीतरी चुनखडी टाकली, त्यानंच पाणी बिघडलं. एक धुतला, खिडकीत वाळवला, जिभेवर ठेवला.

तो जिभेला चिकटला.

दगड जिभेला चिकटत नाही, वाळूही नाही. रत्नपालला ओढून काढावा लागला. त्यानं वळून बघितलं तर शारदाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या.

"अस्थी गोळा केल्या तेव्हा सात तुकडे मी पदरात बांधले," त्या म्हणाल्या. "लेकाला, श्रीहरीला, ठाऊक न्हाई. त्यांना मासा सोडून करमायचं न्हाई, म्हणून टाकीत पुरले."

"महिन्यापूर्वी कामून बोलला न्हाईत, अक्का?"

"कोणत्या तोंडानं बोलू? अन् वाटलं, तू डावीकडची खडी काढायलास, मी तर उजवीकडं पुरलेत. ह्या माशानं कधी उकरून तिकडं नेले कोण जाणे." त्यांनी चारही तुकडे ओंजळीत घेतले. "सोमवारी वर्षश्राद्ध हाय. श्रीहरीला सगळं सांगून मांजरा नदीत सोडणार होते. अर्धा माणूस कसा सोडू? बाकीचे कुठं हायेत?"

रत्नपालनं सांगितलं.

शारदाबाई रिक्षानं मैलूरला आल्या. या घराण्यातलं पहिलं माणूस आमच्या गल्लीत आलं ते असं, हातात रव्याची चाळणी घेऊन. मंगलनं पोतं अंथरलं. दोघी उन्हात खडी चाळत बसल्या, रत्नपाल पाणी ओतत होता. मीही भिंत ओलांडून गेलो. तोंडात चार शब्द तयार होते, पण त्या बाईचे हात बघून गिळले. दुपारी दोन तुकडे मिळाले. सातवा मिळेना. मंगलनं चहा आणला, कपबशीत. शारदाबाईंनी घेतला, बशीत ओतून प्यायल्या.

पाच वाजले.

करर्, करर्. आम्ही चौघंही बसलेलो, खडीवर कुणाचा पाय नाही. आवाज शारदाबाईंच्या शेजारून उंबऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"ह्यांचा उजवा पाय घासतो," त्या हळूच म्हणाल्या. मग चाळणी झटकली. "तुमच्याकडं येतो म्हणायचे ना, रत्नपाल? सातवा नका शोधू. मी सहाच नेते."

सोमवारी सहा तुकडे मांजरेत गेले. मासा आता नव्या वाळूत खातोय. कोपरा उकरायचं त्यानं सोडलं.

अंगणात पावलं येतच राहिली. आठवडाभरानं मंगल कंटाळली. म्हणाली, "दारात आलेल्याला किती दिस उभं ठिवावं." तिनं दार उघडलं आणि पाचला मोकळ्या अंगणाकडं बघून म्हटलं, "या आत."

त्यानंतर खडी वाजली नाही. पण त्यांच्या घरात खिडकीपाशी एक प्लास्टिकची खुर्ची आहे, तिच्यावर दोघंही बसत नाहीत. परवा मी चिडलो. म्हटलं, दहा वर्षं ज्यानं तुला कागदी कपात चहा दिला त्याच्यासाठी खुर्ची राखतोस होय? आणि जाऊन बसलो.

बैठक ऊबदार होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. मी उठलो. मंगल चहा घेऊन आली, ट्रेमध्ये चार कपबशा होत्या. आम्ही तिघं होतो.